नागपाडा ते तुळजापूर : समाजकार्याच्या शिक्षणात जातीचा प्रश्न

१९३६ साली मुंबईत दोन गोष्टी घडल्या. लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने आपले अधिवेशन रद्द केल्यामुळे न झालेले अध्यक्षीय भाषण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या वर्षीच्या मे महिन्यात स्वखर्चाने छापून प्रसिद्ध केले. ते म्हणजे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’. त्याच वर्षी, त्याच शहरात, नागपाड्याच्या वस्तीत भारतातील समाजकार्याचे पहिले व्यावसायिक विद्यालय सुरू झाले. तेच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून देशभर ओळखले जाऊ लागले. ग्रंथ आणि विद्यालय यांचे जन्मवर्ष एक, गाव एक. तरीही त्या ग्रंथातला प्रश्न त्या विद्यालयाच्या अभ्यासक्रमात स्वतंत्र विषय म्हणून पोचायला सुमारे सत्तर वर्षे लागली. या संस्थेला २०२६ मध्ये नव्वद वर्षे पूर्ण होत आहेत. त्या निमित्ताने तिचा इतिहास या एका अंगाने मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

पालमच्या स्मरणिकेत मुंबईच्या संस्थेचा इतिहास का, असे कुणी विचारील. त्याची कारणे दोन. एक, या संस्थेचे ग्रामीण संकुल आपल्या मराठवाड्यात, तुळजापूरला आहे आणि बारावी झालेल्या मुलामुलींनाही तिथे प्रवेश मिळू शकतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. शासकीय वसतिगृहाचे गृहपाल, रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षक, कौटुंबिक न्यायालयातील समुपदेशक, स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते यांतली बरीच माणसे समाजकार्य शिकून येतात. आपल्या वस्तीत येणारी ही माणसे काय शिकून येतात, हे वस्तीला ठाऊक असले पाहिजे.

नागपाड्यातील आरंभ

क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे धर्मोपदेशक. शिकागोत शिकलेले. गरीब वस्तीतच घर करून राहायचे, तिथेच वाचनालय, दवाखाना, वर्ग चालवायचे, ही शिकागोच्या हल हाउसची रीत त्यांना माहीत होती. जेन अ‍ॅडम्स यांनी ते घर १८८९ मध्ये सुरू केले होते. मॅन्शार्ट यांनी विसाच्या दशकात नागपाड्यात ‘नागपाडा नेबरहूड हाउस’ उभे केले. गिरणी कामगार, गोदी कामगार, सर्व धर्मांची गरीब कुटुंबे त्या वस्तीत राहत होती. सर दोराबजी टाटांचे १९३२ मध्ये निधन झाले आणि त्यांच्या न्यासाचा पैसा कोणत्या कामी लावावा, हा प्रश्न पुढे आला, तेव्हा मॅन्शार्ट यांनी सुचवले की आधी काम करणारी माणसे तयार करा. अशा रीतीने १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले आणि मॅन्शार्ट त्याचे पहिले संचालक झाले.

त्यांच्यानंतर डॉ. जे. एम. कुमारप्पा आले. १९४० मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सोशल वर्क’ हे नियतकालिक निघाले. १९४४ मध्ये संस्थेला आजचे नाव मिळाले. फाळणीनंतर कुरुक्षेत्राच्या निर्वासित छावणीत इथल्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी काम केले. १९५४ मध्ये संस्था देवनारच्या आवारात गेली आणि १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. दरम्यान महाराष्ट्रात इतर महाविद्यालयेही निघाली : मुंबईत १९५५ मध्ये निर्मला निकेतन, नागपुरात मातृ सेवा संघाची संस्था, पुण्यात १९६३ मध्ये कर्वे समाज सेवा संस्था. यांपैकी बहुतेकांनी शिकवण्याचा साचा टाटा संस्थेकडून घेतला आणि टाटा संस्थेने तो अमेरिकेतून आणला होता.

तो साचा म्हणजे व्यक्ती सहाय्य कार्य, गटकार्य आणि समुदाय संघटन. आजही एमएसडब्ल्यू या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात हीच तीन नावे आधी पाठ होतात. त्यात शिस्त होती, माणसाचे ऐकून घेण्याची सवय होती. हे मोठे देणे आहे. पण त्याची नजर माणसावर आणि त्याच्या कुटुंबावर खिळलेली होती. शाळा सोडलेल्या मुलाची केस लिहायची झाली, तर वडिलांचे व्यसन, घरची गरिबी, अभ्यासाची नावड अशी कारणे नोंदवली जात. त्या मुलाला वर्गात कुठे बसवत होते, पाणी कुणाच्या हातून मिळत होते, वर्ग झाडायची पाळी दर वेळी कुणावर येत होती, हे विचारायला केसपेपरवर रकानाच नव्हता. जिथे रकाना नाही तिथे प्रश्न नाही आणि जिथे प्रश्न नाही तिथे उपायही नाही.

देवनारची संशोधने

जातीकडे संस्थेचे लक्षच नव्हते, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. प्रा. मा. स. गोरे १९६२ ते १९८२ अशी वीस वर्षे संचालक होते. त्यांच्या काळात संशोधनाला बळ मिळाले. पुढे त्यांनी महाराष्ट्रातील ब्राह्मणेतर चळवळीवर, विठ्ठल रामजी शिंद्यांवर आणि १९९३ मध्ये बाबासाहेबांच्या राजकीय व सामाजिक विचारांवर ग्रंथ लिहिले. याच संस्थेतील डॉ. सुमा चिटणीस यांनी देशातल्या पंधरा राज्यांतील अनुसूचित जातींच्या माध्यमिक व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या पाहणीचा अहवाल १९८१ मध्ये ‘अ लाँग वे टू गो’ या नावाने प्रसिद्ध केला. शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे शिक्षण झाले, असे मानणाऱ्यांना या अहवालाचे नावच पुरेसे बोलके होते.

परंतु हे सारे संशोधन होते. समाजशास्त्राच्या शेल्फवर ते होते आणि समाजकार्याचा विद्यार्थी ज्या पुस्तकांतून केस लिहायला शिकत होता, ती वेगळ्या शेल्फवर. दोन्हींच्या मधली भिंत पाडायचे काम पुढच्या पिढीच्या वाट्याला आले. त्या पिढीत पहिल्यांदाच दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त घरांतून आलेले विद्यार्थी आणि शिक्षक दिसण्याइतक्या संख्येने होते. ऐंशीच्या दशकात संस्थेत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा कक्ष झाला, त्यामागेही हीच वाढती उपस्थिती होती.

मराठवाड्याने आधीच घालून दिलेला धडा

शिक्षण, वसतिगृह आणि पाठीशी उभा शिक्षक या तिन्ही गोष्टी एकत्र लागतात, हे मराठवाड्याने देवनारच्या आधी पाहिले होते. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. निजामी राजवटीतून १९४८ मध्ये सुटलेल्या या मुलखात खेड्यातला मुलगा शहरात येऊन राहणार कुठे, खाणार काय आणि इंग्रजीला घाबरून परत निघाला तर त्याला थांबवणार कोण, या तिन्ही प्रश्नांचा विचार या महाविद्यालयाच्या नागसेनवन आवारात एकाच वेळी झाला. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्यासारखे शिक्षक वर्गाबाहेरही विद्यार्थ्यांचे पालक होते. मराठवाड्यातील दलित साहित्याची आणि चळवळीची एक पिढी त्या आवारात घडली. ‘मेंटॉरिंग’ हा शब्द आपल्याकडे रुळण्याआधीच ते काम इथे झाले होते.

मग २७ जुलै १९७८ आला. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यातली गावेच्या गावे पेटली. घरे जळाली, वस्त्यांवर बहिष्कार पडले, नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. आपल्या परभणी जिल्ह्यातील वस्त्यांनीही ते दिवस सोसले. सोळा वर्षांच्या लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघाले आणि परभणी जिल्हा त्याच्या कक्षेत आला. समाजकार्य शिकणाऱ्याने या सोळा वर्षांकडे ‘दंगल’ म्हणून पाहायचे की ‘विद्यापीठाच्या दारावरची जात’ म्हणून पाहायचे, हा शिक्षणाचाच प्रश्न आहे. केसपेपरच्या जुन्या साच्यात या प्रश्नाला जागा नव्हती.

तुळजापूरचे संकुल

टाटा संस्थेने १९८६-८७ मध्ये तुळजापूरला ग्रामीण संकुल सुरू केले. पाण्याची टंचाई, कोरडवाहू शेती, रोजगार हमी, ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर हे सगळे विद्यार्थ्याला पुस्तकात वाचण्याऐवजी गावात राहून पाहता यावे, ही त्यामागची दृष्टी होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतरच्या पुनर्वसनात लोकांचा सहभाग घडवून आणण्याच्या कामात संस्था होती. नवे गाव वसवताना कोणाचे घर कुठे येणार, जुन्या गावातली वेस नव्या गावातही तशीच आखली जाणार का, या प्रश्नांना विद्यार्थ्यांना तोंड द्यावे लागले. नकाशावर रेघ ओढली की जातही ओढली जाते, हे शिकवायला याहून कठोर वर्ग नव्हता.

ग्रामीण शिबिरात आजही समाज-नकाशा काढण्याचे प्रात्यक्षिक असते. गावकऱ्यांना एकत्र करायचे, जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा त्यांनाच काढायला सांगायचा. घरे, विहिरी, शाळा, मंदिर, रस्ते, स्मशान सारे त्यात आले पाहिजे. नव्या विद्यार्थ्याला हे सोपे वाटते. तो ग्रामपंचायतीसमोरच्या पारावर बसतो, माणसे जमतात, नकाशा सुंदर उतरतो. शिक्षक येतो आणि विचारतो : रांगोळी कुणाच्या हातात होती? बायका किती होत्या? वस्तीवरचे कोण आले होते? नकाशात वस्ती ठिपक्यांत आहे की घरे मोजून दाखवली आहेत? स्मशानभूमी एक दाखवली आहे, ती कुणाची? मग तोच नकाशा वस्तीतल्या समाजमंदिरासमोर पुन्हा काढायला सांगतो. दुसऱ्या नकाशात पाण्याची टाकी लांब जाते, शाळेची वाट वळसा घेते आणि पहिल्या नकाशात नसलेली दुसरी स्मशानभूमी, रस्ता नसलेली, प्रकट होते. दोन्ही नकाशे शेजारी ठेवून वर्ग बसतो. जातीविषयीचे शंभर तास व्याख्यान ऐकून जे उमजत नाही, ते तिथे अर्ध्या तासात उमजते. पालम तालुक्यातल्या कोणत्याही गावात हे दोन नकाशे काढून पाहावेत, उत्तर आपले आपल्याला मिळेल.

अभ्यासक्रमात जात

२००६ नंतरच्या पुनर्रचनेत संस्थेच्या समाजकार्य पदव्युत्तर शिक्षणात ‘दलित आणि आदिवासी अभ्यास व कृती’ ही स्वतंत्र शाखा आली. नावातला ‘कृती’ हा शब्द मुद्दाम घातलेला आहे. दलित-आदिवासी हे अभ्यासाचे विषय नाहीत, ते ज्ञान निर्माण करणारे आहेत. समाजकार्यकर्त्याने त्यांच्या बाजूने उभे राहायचे आहे, ही त्यामागची भूमिका होती. प्रा. बोधी एस. आर. यांच्यासारख्या शिक्षकांनी जातविरोधी समाजकार्याची सैद्धांतिक मांडणी केली. समाजकार्यकर्ता स्वतः कोणत्या जातीचा आहे, कोणत्या घरातून येतो, त्यामुळे त्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, हा प्रश्न त्यांनी वर्गात आणला. फुले, सावित्रीबाई, आंबेडकर, बिरसा मुंडा हे ‘पार्श्वभूमी’च्या प्रकरणातून निघून समाजकार्याचे पूर्वसूरी म्हणून शिकवले जाऊ लागले. संस्थेच्या गुवाहाटी संकुलात प्रा. व्हर्जिनियस खाखा यांच्यासारखे आदिवासी समाजशास्त्रज्ञ होते. केंद्र सरकारने आदिवासींच्या स्थितीवर नेमलेल्या आणि २०१४ मध्ये अहवाल देणाऱ्या उच्चस्तरीय समितीचे ते अध्यक्ष होते.

हे पाऊल जगाच्या वाटचालीशी जुळणारे होते. अमेरिकेत १९६८ साली कृष्णवर्णीय समाजकार्यकर्त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या राष्ट्रीय परिषदेतून बाहेर पडून स्वतःची संघटना काढली, कारण गोऱ्यांनी आखलेल्या समाजकार्यात त्यांच्या वस्तीचा प्रश्न ‘बिघडलेले कुटुंब’ एवढ्यावर आटोपला जात होता. ब्रिटनमध्ये लेना डॉमिनेली यांचे ‘अँटी-रेसिस्ट सोशल वर्क’ हे पुस्तक १९८८ मध्ये आले आणि १९८९ मध्ये तिथल्या समाजकार्य शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने पात्रतेच्या नियमांत वंशवादविरोधी प्रशिक्षण घातले. त्यावर पुढे गदारोळ झाला आणि काही वर्षांतच ती भाषा मवाळ करण्यात आली. नियमाने आलेली गोष्ट नियमाने जाऊ शकते, हा त्यातला धडा आपणही ध्यानात ठेवायचा आहे. वंश आणि जात यांची तुलना बाबासाहेबांना परकी नव्हती. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिले होते. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती, आणि ड्युबॉइस यांनी उत्तरही दिले होते.

आयसी : एका शिक्षकासमोर एक विद्यार्थी

समाजकार्याच्या शिक्षणात वर्गाइतकेच वजन क्षेत्रकार्याला असते. आठवड्यातले ठरावीक दिवस विद्यार्थी वस्तीत, दवाखान्यात, पोलीस ठाण्यातल्या विशेष कक्षात किंवा संस्थेत असतो. महिलांसाठीचा असा विशेष कक्ष मुंबई पोलिस आयुक्तालयात १९८४ मध्ये याच संस्थेने सुरू केला होता. क्षेत्रकार्याहून परत आल्यावर विद्यार्थ्याने अहवाल लिहायचा. कागदाच्या कडेला रुंद समास सोडायचा. सुपरवायझर त्या समासात प्रश्न लिहितो आणि दर आठवड्याला विद्यार्थ्याला एकट्याला समोर बसवून त्यावर बोलतो. याला विद्यार्थ्यांच्या भाषेत ‘आयसी’ म्हणतात. सगळ्यांची एकत्र बैठक ती ‘जीसी’.

समाजकार्याच्या शिक्षणाचा खरा पाया हा समास आहे. ‘मी पाटलांच्या घरी चहा घेतला आणि गावाची माहिती घेतली’ या वाक्यापुढे शिक्षक विचारतो, वस्तीत चहा घेतलास का? ‘महिला बैठकीला आल्या नाहीत, उदासीनता दिसली’ यापुढे विचारतो, बैठकीची वेळ कोणती होती, त्या वेळी कापूस वेचायला कोण गेले होते? सवर्ण घरातून आलेल्या विद्यार्थ्याला हे प्रश्न अस्वस्थ करतात, तसे ते करायलाच हवेत. पण हाच समास दलित विद्यार्थ्याला वेगळ्या रीतीने लागतो. खेड्यातून आलेल्या मुलीचा अहवाल मराठी वळणाच्या इंग्रजीत असतो. शिक्षकाने फक्त व्याकरणाच्या चुका खुणावल्या, तर ती पुढच्या आठवड्यात कमी लिहिते, त्याच्या पुढच्या आठवड्यात गप्प बसते आणि सत्र संपता संपता गावी निघून जाते. त्याच शिक्षकाने आधी विचारले, ‘वस्तीतल्या बाईने तुला हे सांगितले, दुसऱ्या कुणाला सांगितले नसते, असे का?’ तर तिला कळते की तिच्या घरातून आलेले ज्ञान इथे ज्ञान मानले जाते. मग इंग्रजी नंतर सुधारते. आधी इंग्रजी आणि मग माणूस, असा क्रम लावणारा शिक्षक जातविरोधी पुस्तक शिकवत असला तरी जात टिकवतच असतो.

अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी प्रवेशापूर्वीचे मार्गदर्शन, प्रवेशानंतर इंग्रजीचे आणि लेखनाचे वर्ग, विद्यार्थी संरक्षणासाठीचे कार्यालय अशा तजविजी संस्थेने केल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या समता-विनियमांनीही भेदभावाच्या तक्रारींची यंत्रणा प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेवर बंधनकारक केली. या यंत्रणा किती गरजेच्या आहेत, हे देशाने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादला रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ रोजी मुंबईत, जळगाव जिल्ह्यातून आलेली डॉ. पायल तडवी गेली. त्यांच्या आया राधिका वेमुला आणि आबेदा तडवी यांनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले आणि विद्यापीठांतील भेदभाव रोखण्याची यंत्रणा मागितली. मुलांच्या शिक्षणासाठी कष्टलेल्या दोन आयांना ही मागणी घेऊन कोर्टात उभे राहावे लागले, यातच सारे आले.

फी, शिष्यवृत्ती आणि २०१८ चा संप

पैसा नसेल तर मार्गदर्शनाचा उपयोग नाही. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर अनुसूचित जाती-जमातींची आणि इतर मागासवर्गीयांची हजारो मुले शिकतात. अडीच लाखांच्या उत्पन्न मर्यादेचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, महाडीबीटीवरचा अर्ज, बँक खात्याला आधार जोडणे ही साखळी पालमच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ आहे. सेतू केंद्रापुढच्या रांगेत आणि परभणीच्या जात पडताळणी समितीच्या तारखांत त्याचे अर्धे वर्ष जाते. शिष्यवृत्ती उशिरा येते आणि तोवर संस्था आगाऊ फी मागते. ही गाठ सुटली नाही तर प्रवेश कागदावरच राहतो.

फेब्रुवारी २०१८ मध्ये टाटा संस्थेच्या मुंबई, तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटी या चारही संकुलांतील विद्यार्थी नेमक्या याच प्रश्नावर संपावर गेले. शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यांना आधी मिळणारी वसतिगृह आणि खाणावळीच्या खर्चाची सवलत बंद झाल्याने गरीब घरांतली मुले बाहेर फेकली जातील, असे त्यांचे म्हणणे होते. वर्गात सामाजिक न्याय शिकलेल्यांनी तो संस्थेच्या दाराशी मागितला. संस्थेच्या इतिहासात हे पान अभिमानाने लिहिण्यासारखे आहे, कारण शिकवलेले शिकले गेले याचा तो पुरावा आहे.

नंतरची वर्षे संस्थेला सोपी गेली नाहीत. २०२४ च्या जूनमध्ये टाटा न्यासाच्या निधीवर चालणाऱ्या शंभरहून अधिक शिक्षक-कर्मचाऱ्यांना काम संपल्याची पत्रे गेली आणि काही दिवसांतच ती मागे घ्यावी लागली. त्याच वर्षी एका दलित पीएच.डी. विद्यार्थ्याचे दोन वर्षांसाठी निलंबन झाले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०२५ मध्ये त्याला शिक्षण पूर्ण करण्याची मुभा मिळाली. यातून एक गोष्ट स्पष्ट होते. दर वर्षी नोकरी टिकेल की नाही या चिंतेत असलेला शिक्षक विद्यार्थ्याच्या समासात धीराचे शब्द लिहू शकत नाही. जातविरोधी शिक्षण टिकवायचे तर कायम पदे, वेळेवर शिष्यवृत्ती आणि प्रश्न विचारण्याची मुभा या तिन्ही गोष्टी टिकवाव्या लागतील.

परभणी आणि पालम

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, तोडफोड आणि धरपकड झाली. कायद्याचे शिक्षण घेणारे सोमनाथ सूर्यवंशी यांचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. २०२५ च्या जुलैमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या प्रकरणी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. अशा वेळी वस्तीत जाऊन जबाब नोंदवणारी, जखमींना दवाखान्यात नेणारी, आईवडिलांना वकिलापर्यंत पोचवणारी, शाळेतल्या मुलांची भीती घालवणारी शिकलेली माणसे जिल्ह्यातच असली पाहिजेत. बाहेरून येणारे शोधपथक चार दिवसांनी परत जाते. जिल्ह्यातला समाजकार्यकर्ता मात्र इथेच राहतो आणि खटला उभा राहीपर्यंत त्या घराची वाट त्याला माहीत असते.

म्हणून नव्वद वर्षांच्या या इतिहासाचा पालमसाठी निष्कर्ष एकच आहे. जातीच्या प्रश्नाला भिडणारे शिक्षण अभ्यासक्रमातल्या एका पेपरने होत नाही. एका विद्यार्थ्यामागे एक माणूस उभा राहिला, तरच ते होते. नागपाड्यात ते वस्तीत राहण्यातून सुरू झाले, नागसेनवनात वसतिगृहातून फुलले, तुळजापूरला अहवालाच्या समासातून चालू आहे. पालमला ते दाखल्याच्या रांगेपासून सुरू व्हावे लागेल.

ते करायला इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. टाटा संस्थेचा प्रवेश आता सीयूईटी या केंद्रीय परीक्षेतून होतो. तिचा अर्ज कसा भरायचा, परीक्षा केंद्र कोणते घ्यायचे, मुलाखतीत काय बोलायचे, वसतिगृहाला जागा नसेल तर स्वाधार योजनेचा अर्ज कुठे करायचा, हे आधी शिकून गेलेल्यांना माहीत आहे. नव्याने निघालेल्यांना माहीत नाही. तालुक्यातून शिकून नोकरीला लागलेल्या प्रत्येकाने या वर्षी बारावीच्या एका मुलीची किंवा मुलाची जबाबदारी घ्यावी. जातीच्या दाखल्यापासून पहिल्या सत्राच्या निकालापर्यंत त्याच्या पाठीशी उभे राहावे, महिन्यातून एकदा फोन करावा आणि गुणांच्या आधी त्याची तब्येत विचारावी. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली मुलगी यात आधी घ्यावी, कारण तिची शाळा सर्वांत आधी सुटते.

स्मरणिकेच्या वाचकांना आमची हीच विनंती आहे. जयंतीच्या मिरवणुकीला जसे सगळे एकत्र येतो, तसे जूनमध्ये प्रवेशाच्या दिवसांत एक आठवडा तहसील आणि सेतू केंद्राजवळ मदतीचे टेबल लावावे. कागद पाहून देणारे, अर्ज भरून देणारे दोन-तीन जाणते तिथे बसावेत. हे काम आपल्या हातचे आहे आणि ते या वर्षीच सुरू व्हावे.